नवऱ्याला मोठी फोर बाय फोर हवीय, मला छोटी गाडी... पाण्याचा ट्रेलर ओढणार कोण?

पत्र थोडक्यात असं: ह्या ताई आणि त्यांचा नवरा वर्षभरापूर्वी शहर सोडून शेतावरच्या घरात राहायला आले. डांबरी रस्ता संपला की घरापर्यंत अडीच किलोमीटर कच्चा रस्ता, आणि घराच्या अलीकडे एक खडा चढ. पावसाळ्यात तिथे चिखल होतो आणि आत्ताची साधी गाडी दोनदा अडकली. उन्हाळ्यात विहीर आटते, तेव्हा अडीचएक महिने आठवड्यातून दोनदा हजार लिटरची टाकी ट्रेलरवर ठेवून पाणी आणावं लागतं, ते सध्या शेजाऱ्यांच्या गाडीने होतं. पुढे दोन गाई घ्यायचा विचार आहे. नवऱ्याने एक मोठी डिझेल फोर बाय फोर बघून ठेवलीय, 14 वर्षं जुनी, 2,20,000 किलोमीटर झालेली, लो गिअरवाली (म्हणजे हळू पण जास्त जोराने ओढायचा जास्तीचा गिअर असलेली). ताईंना हवीय ती छोटी, सहा वर्षांची ऑल व्हील ड्राइव्ह, रनिंग 70,000. रोज गाडी त्याच चालवणार आहेत, मुलाची शाळा आणि बाजारहाट त्यांच्याकडेच. नवरा म्हणतो, "फोर बाय फोर घेतली की विषय संपला, कुठे अडकणार नाही." मोठ्या गाडीचा मालक म्हणतो दोन दिवसांत सांगा, दुसरं गिऱ्हाईक आहे. घरात रोज ह्यावरून वाद चाललेत. काय करावं?

ताई,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचताना मीही तुमच्यासारखाच ही गाडी की ती गाडी ह्यातच अडकलो. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली, तिथूनच सुरुवात करतो. चिखलाची भीती तुम्ही पावसाळ्यातली लिहिलीय आणि पाण्याचा ट्रेलर उन्हाळ्यातला. म्हणजे रस्ता सगळ्यात वाईट असतो तेव्हा तुमच्या मागे ट्रेलर नसतो, आणि मागे टनभर पाणी असतं तेव्हा रस्ता कोरडा ठणठणीत असतो. तुम्ही दोघं मात्र भांडताय अशा गाडीवरून जी भर पावसात, चिखलातून, चढावर, भरलेली टाकी ओढत नेईल. असा दिवस तुमच्या वर्षात येतो का? माझ्या हिशोबाने जवळजवळ येतच नाही.

राहिल्या गाई. गाई अजून घेतलेल्या नाहीत, त्यांना कुठे न्यायचंय हेही ठरलेलं नाही, आणि गाडी मात्र त्यांच्या मापाची बघताय. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. एका गाईचं वजन सहज 400 ते 600 किलो भरतं, दोन गाई आणि त्यांना न्यायचा दणकट ट्रेलर म्हणजे प्रकरण दोन टनांच्या आसपास जातं, आणि ते काम तुमच्या वर्षात फार तर एक-दोनदा येईल. त्यासाठी गाडी भाड्याने मिळते. वर्षाचे बाकीचे 363 दिवस ती मोठी गाडी शाळेच्या दारात वळवायची तुम्हालाच आहे.

आता नवऱ्याचं ते वाक्य, फोर बाय फोर घेतली की विषय संपला. हे मीही एकेकाळी म्हणायचो. माझी पहिली फोर बाय फोर घेतल्यावर आठ दिवसांत मी ती मुद्दाम चिखलात घातली, दोन मित्रांना दाखवायला. मध्ये एक आडवा चर होता, त्यात पुढचं डावं चाक खाली गेलं, मागचं डावं चाक त्याच्या उलट वर आलं असेल असं मला वाटलं, खाली उतरून बघितलं तर मागचं उजवं हवेत. आणि फिरत होती ती नेमकी दोनच चाकं, पुढचं एक अन् मागचं एक, तिरकी, जी मोकळी होती ती. बाकीची दोन चाकं जमिनीवर घट्ट टेकलेली आणि ढिम्म. चारही चाकांना ताकद जाते असं आपण म्हणतो खरं, पण साधं डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) असलं तर ताकद जिकडे विरोध कमी तिकडे पळते, म्हणजे जे चाक घसरतंय त्यालाच मिळते. ते टाळायला डिफ लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकणारं कुलूप, लागतो, नाहीतर घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था लागते. माझ्या गाडीत दोन्ही नव्हतं. शेवटी ट्रॅक्टरने काढलं, मित्र अजून हसतात.

तर गाडी बघताना फोर बाय फोर आहे का एवढं विचारून थांबू नका, कुठल्या जातीची आहे ते विचारा. तुमच्या नवऱ्याने बघितलेली बहुतेक जुन्या पद्धतीची असणार, म्हणजे एरवी मागची दोन चाकं चालतात आणि लिव्हर टाकला की पुढचीही जोडली जातात. ह्यात पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये काही सैलपणा नसतो, दोन्ही एकत्र बांधल्यासारखी फिरतात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मातीत ती थोडी घसरून ते भरून काढतात, पण कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही, मग सगळा ताण शाफ्टवर (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) आणि गिअरवर येतो. म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर ती फोर बाय फोरमध्ये चालवायची नाही, आणि हे लक्षात ठेवून रोज लिव्हर काढणं-टाकणं हे काम तुमचं. दुसरी जात कायमच चारही चाकं चालवते, मध्ये एक जास्तीचं डिफरन्शियल असतं, 1970 साली आलेल्या पहिल्या रेंज रोव्हरमध्ये असंच होतं. आणि तिसरी म्हणजे तुम्हाला आवडलीय ती, एरवी पुढची चाकं ओढतात, ती घसरायला लागली की एक क्लच मागच्या चाकांना जोडून घेतो. तुम्हाला काही करावं लागत नाही हा तिचा मोठा गुण, आणि खोल चिखलात दहा-पंधरा मिनिटं रेटत राहिलात तर तो क्लच तापून काम सोडतो हा तिचा दोष. निसरडा चढ चढून घरी जायचं असेल तर ती पुरते. नदीपात्रातून वाट काढायची असेल तर नाही पुरत, पण तुम्हाला कुठे नदीपात्रात जायचंय.

आणि एक गोष्ट जी विकणारा कधीच सांगत नाही. चारही चाकं ओढणारी गाडी निघताना मदत करते, थांबताना करत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांना असतात. ओल्या उतारावर तुमची गाडी थांबणार की नाही हे टायर ठरवतात. त्यामुळे माझं आवडतं मत इथे घालूनच टाकतो, झिजलेल्या टायरच्या फोर बाय फोरपेक्षा चांगल्या टायरची साधी गाडी बरी. तुमची आत्ताची गाडी दोनदा अडकली तेव्हा तिचे टायर कसे होते, ते पत्रात नाही. जरा जाऊन बघा. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे 2317 असेल तर 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी दिसायला चांगली असली तरी रबर जुनं झालं की कडक होतं आणि ओल्यात पकड सोडतं. दोन्हीपैकी कुठलीही गाडी घेतलीत तरी नव्या टायरचे पैसे आधीच बाजूला काढा, आणि घ्याल ते रस्ता-माती दोन्हीवर चालणारे घ्या. नुसते चिखलाचे मोठ्या खाचांचे टायर नकोत, ते डांबरावर गुरगुरतात आणि ओल्या डांबरावर त्यांची पकडही कमी. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत, दोन नवे दोन जुने असं चालत नाही, कारण चाकांचा घेर वेगळा झाला की तो मधला क्लच उगीचच राबत राहतो.

तो चढ एकदा पायी चढून बघा असंही सुचवतो, तेही पावसात. पाणी रस्त्यावरून वाहतंय का? बहुतेक वेळा अशा चढावर चिखल होतो कारण वरचं पाणी बाजूला न जाता चाकोरीतूनच खाली येतं. बाजूला एक चर खणला आणि दोन-चार खेपा मुरूम टाकून दाबला तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो, आणि मग जी गाडी घ्याल तिला काम सोपं होतं.

आता ओझं. गाडीच्या आधी ट्रेलरचं वजन करायला हवं होतं आणि ते कुणीच केलेलं दिसत नाही, शेजाऱ्यांची गाडी ओढते म्हणजे आपलीही ओढेल असं धरून चाललंय. हजार लिटर पाणी म्हणजे बरोबर हजार किलो. त्यात ट्रेलर आणि टाकी मिळून तीन-साडेतीनशे धरा, म्हणजे साडेतेराशेच्या आसपास. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाचे दोन आकडे असतात, एक ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी आणि एक बिनब्रेकच्या. दुसरा आकडा बराच कमी असतो, पुष्कळ देशांत 750 किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. तुमच्या ट्रेलरला ब्रेक आहेत का? नसतील तर उतारावर ते तेराशे किलो थांबवायचं सगळं काम गाडीच्या ब्रेकवर येतं, मग गाडी मोठी असो वा छोटी. काही छोट्या गाड्यांना तर कंपनीने ओढायची परवानगीच दिलेली नसते, हुक बसवून देणारा कारागीर मात्र कुठेही मिळतो, त्याने बसवला म्हणजे गाडी ओढायला लायक झाली असं होत नाही.

मोठ्या गाडीतही एक मेख आहे. विकणारा सांगतो साडेतीन टन ओढते, ते खरंही असतं. पण गाडी आणि ट्रेलर दोन्ही मिळून किती, हा तिसरा आकडा असतो. समजा गाडीचं पूर्ण भरलेलं वजन 3,000 किलोपर्यंत चालतं, ओढायची मर्यादा 3,500, आणि दोन्हीची मिळून 6,000. म्हणजे गाडीत माणसं-सामान ठासून भरलं तर मागे 3,000च ओढता येतात. तुमच्या तेराशेला हा प्रश्न येणार नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाकुणाला येईल म्हणून लिहिलं.

हुकावर किती भार पडतो हा चौथा आकडा, आणि छोट्या गाडीचं घोडं इथेच अडतं. ट्रेलर सरळ चालायचा असेल तर त्याचं तोंड हुकावर थोडं दाबून बसायला लागतं, एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा असा ढोबळ हिशोब धरतात, काही ठिकाणी त्याहून कमी. ओझं मागे ठेवलं आणि तोंड हलकं झालं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि वेग वाढला की गाडीलाही हलवतो. (असं झालं तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा. घाबरून वेग वाढवायचा तर मुळीच नाही.) तुमच्या साडेतेराशेला दहावा हिस्सा म्हणजे 135 किलो, आणि छोट्या गाड्यांच्या हुकाची मर्यादा बरेचदा 75 ते 100 किलोच असते. म्हणजे पूर्ण हजार लिटर आणि तुमची छोटी गाडी हे काही जमत नाही. इथे तुमचा नवरा बरोबर आहे, त्याला तसं सांगून टाका, वातावरण निवळेल.

पण टाकी हजारचीच हवी हे कुणी ठरवलं? 500 लिटरची टाकी आणि हलका ट्रेलर घेतलात तर सगळं मिळून साडेसातशेच्या आत बसवता येतं. खेपा दुप्पट होतील हे खरं, उन्हाळ्याला वीस-बावीसच्या जागी चाळीस-पंचेचाळीस. पण हजारच्या टाकीत पाचशे भरून नेऊ नका हं, हे फार जण करतात. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, ब्रेक मारला की पाणी पुढे धावतं, चढावर मागे जातं, वळणावर कडेला, आणि हुकावरचा भार क्षणाक्षणाला बदलतो. टाकी एकतर गच्च भरलेली हवी नाहीतर आत आडवे पडदे असलेली. आणि ठेवायची ॲक्सलच्या किंचित पुढे, बांधायची पट्ट्यांनी, दोरीने नाही.

त्याहून सोपा एक हिशोब सांगतो. तुमच्या घराचं छप्पर 100 चौरस मीटर असेल तर 10 मिलिमीटर पावसात त्यावर 1,000 लिटर पाणी पडतं, थोडं वाया जाईल. दहा हजार लिटरची साठवण केलीत तर उन्हाळ्यातल्या दहा खेपा गेल्या. मी गाडीच्या सदरात पन्हाळी विकतोय असं वाटेल, पण ट्रेलरचं काम जितकं कमी तितकी गाडी निवडायला सोपी.

हे सगळं करूनही तुम्ही म्हणालात की नाही, हजार लिटरच ओढायचं आणि गाई तर घ्यायच्याच, तर मग मोठी गाडी हवी, आणि लो गिअरवाली हवी. लो गिअरचा खरा उपयोग चिखलात नाही, ट्रेलर मागे लावून चढावर थांबून पुन्हा निघताना आणि दारात ट्रेलर उलटा घेताना होतो. चाकाचा वेग दोन-अडीच पटीने कमी होतो आणि जोर तेवढाच वाढतो, क्लच जाळावा लागत नाही. सुट्या खडीवर तर फारच कामाचा. उतरताना ब्रेकला हात न लावता गाडी इंजिनवरच हळूहळू उतरते. ह्या गाड्या मुळात ह्याच कामाच्या. युद्ध संपल्यावर 1945 साली जीप सामान्य लोकांसाठी आली ती शेतकऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून, आणि 1948 साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर मांडली तीही शेतीकामाची गाडी म्हणूनच. रुबाबाचा भाग नंतरचा. फक्त लांबीकडे लक्ष द्या, दोन दारांची आखूड जीप दिसायला छान आणि चढायला तरबेज असली तरी जड ट्रेलर तिला मागून ढकलतो. लांब गाडी ट्रेलर घेऊन शांत चालते.

मग ती 14 वर्षांची गाडी. 2,20,000 ह्या आकड्याला मी घाबरणार नाही. वेळच्या वेळी ऑईल बदललेल्या चांगल्या डिझेल इंजिनाला तेवढं रनिंग जास्त नाही, आणि 70,000 वाली गाडी रोज तीन किलोमीटर जाऊन बंद होत असेल तर ती आतून जास्त म्हातारी असू शकते. नव्या डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला इंजिन बराच वेळ चांगलं तापून चालावं लागतं. नुसतं घर ते शाळा, शाळा ते घर केलं की तो तुंबतो आणि बदलायचा खर्च डोळे पांढरे करतो. तुमची छोटी गाडी डिझेल असेल तर हा प्रश्न आधी विचारा. तुमच्या रोजच्या अंतराला पेट्रोल बरी.

मोठी गाडी बघायला जाताना सकाळी जा आणि मालकाला आधी सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा-पाण्याला नकार देऊन परत या, कारण जुन्या डिझेलचं खरं दुखणं थंड असतानाच दिसतं. चालू झाल्यावर थोडा धूर आला आणि गेला तर ठीक, निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑईल पितंय. इंजिन चालू असताना ऑईल टाकायचं झाकण सैल करून बघा, तिथून फुसफुस थोडी असतेच पण वाफेचे भपकारे येत असतील तर पिस्टनच्या रिंगा संपल्यात.

मग खाली. चटई न्या, लाजू नका, गाडीखाली आडवे व्हा. अशा गाडीची चासी म्हणजे दोन लांब पोलादी पोकळ तुळया, त्यावर बाकी सगळं बसतं. गंज आतून बाहेर येतो, बाहेरून ती ठीक दिसते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मागच्या टोकापर्यंत टकटक करत जा, टणक आवाज हवा, कुठे भद्द आवाज आला तर तिथे टोक रेटून बघा. खाली नुकताच काळा कुळकुळीत रंग मारलेला असेल तर मी सरळ उठून निघेन. चौदा वर्षं जुन्या गाडीच्या पोटाला कोण हौसेने रंग लावतं? तिथेच असताना शाफ्ट हाताने धरून इकडेतिकडे फिरवा, त्याच्या सांध्यातले क्रॉस खडखडत असतील तर कळेल. डिफरन्शियलचं झाकण ओलं आहे का बघा, आणि मेकॅनिकला सांगून त्यातलं थोडं ऑईल काढा. दुधाळ निघालं तर गाडी पाण्यात बुडलीय. सीटच्या खालचे रूळ गंजलेले, सीटबेल्टचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला की मुळाशी चिखलाची रेघ, ह्या त्याच्याच खुणा.

आधीच्या मालकाने काय ओढलंय हेही गाडीच सांगते. हुकाचा गोळा एका बाजूने झिजून चपटा झालाय का, मागच्या स्प्रिंगच्या पाट्या बसल्यात का, मागच्या दिव्यांच्या वायरी कापून जोडल्यात का. गिअर ऑटोमॅटिक असेल तर त्याचं ऑईल बघा, ते लालसर हवं, तपकिरी झालं असेल आणि जळका वास येत असेल तर जड ओझ्याने तापून तापून त्याची वाट लागलीय. ओढायला ऑटोमॅटिक वाईट नसतं, उलट निघायला सोपं, पण गिअर ऑईल थंड करणारा वेगळा कूलर हवा.

आणि लिव्हर! मातीच्या मोकळ्या जागेत नेऊन प्रत्येक जागी टाकून बघा, दोन चाकं, चार चाकं, लो. मालक म्हणेल मी कधी वापरलंच नाही. ते ऐकून खूश होऊ नका, वर्षानुवर्षं न वापरलेली यंत्रणा जाम झालेली असते. मी एकदा अशीच "न वापरलेली" बघायला गेलो तर लिव्हर दोन्ही हातांनी ओढूनही हलेना, मालक म्हणाला गाडी नवीकोरी आहे म्हणून कडक आहे. इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा-मिटणारा पट्टा) असेल तर कधी बदलला त्याचं बिल मागा, बिल नसेल तर बदललाच नाही असं समजून त्या हिशोबाने भाव करा. तो तुटला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच उघडावं लागतं.

हे सगळं तुम्हाला किंवा नवऱ्याला जमेलच असं नाही, म्हणून तुमच्या जवळचा मेकॅनिक सोबत न्या. गाडी निवडताना हाही एक मुद्दा धरा. ज्या गाडीचे पार्ट त्याच्याकडे दोन दिवसांत येतात ती तुमच्या कामाची, महिनाभर वाट बघायला लावणारी कितीही भारी असली तरी नाही, तुमच्या घरापासून पायी शाळा नाही.

दोन दिवसांची मुदत सोडून द्या. दुसरं गिऱ्हाईक नेईल तर नेऊ दे. चौदा वर्षांच्या गाड्या संपत नाहीत.

मला विचाराल तर, तुमच्या पत्रातल्या माहितीवर मी छोटी गाडी, लहान टाकी, नवे टायर आणि चढावर मुरूम इकडे झुकतो. रोज चालवणारीला जी गाडी झेपते ती घ्यावी. अर्थात छोटीचं मॅन्युअल उघडून ओढायचे आकडे बघितल्याशिवाय नाही, तिथे काही लिहिलंच नसेल तर ती बाद, मग लो गिअरवाली पण आठ-दहा वर्षांची, सगळी बिलं असलेली शोधा. आणि कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी शेजाऱ्यांचा ट्रेलर एकदा वजनकाट्यावर नेऊन या. टाकी भरून न्या, रिकामी नको. तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवून मग दोघं बोला.

ट्रेलर उलटा घ्यायची प्रॅक्टिस मात्र गाडी यायच्या आधीच सुरू करा, शेजाऱ्यांच्या मोकळ्या वावरात, रिकाम्या ट्रेलरवर. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा, ट्रेलरचं मागचं टोक जिकडे न्यायचंय तिकडे हात हलवायचा, अगदी थोडा, आणि मुंगीच्या पावलाने. ट्रेलर फार दुमडला की हट्ट न करता पुढे घेऊन सरळ करायचा आणि पुन्हा. पहिले तीन-चार दिवस नवऱ्याला घरीच ठेवा.